कमला हॅरिस ‘काळ्या’ कधी झाल्या?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक क्लिप आली. ३१ जुलैला शिकागोत कृष्णवर्णीय पत्रकारांच्या संघटनेचं अधिवेशन होतं आणि मंचावर डोनाल्ड ट्रम्प यांची मुलाखत चालली होती. ते सांगत होते, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या कमला हॅरिस आजवर आपल्या भारतीय वारशाचंच बोलत आल्या. काही वर्षांपूर्वी त्या एकदम काळ्या झाल्या आणि आता त्यांना तशीच ओळख हवी आहे. आत्याने खाली लिहिलं, ‘अरे, पण ती आपल्या मद्रासकडची ना?’ भाच्याने उत्तर ठोकलं, ‘त्यांची मतं पाहिजेत म्हणून.’ पाच-सहा अंगठे पडले आणि लगेच कुणाच्या तरी डोहाळजेवणाचे फोटो सुरू झाले.

आत्याचा प्रश्न रास्त होता. भाच्याचं उत्तर सफाईदार होतं, पण चुकीचं होतं. तेव्हा ग्रुपवर काही लिहिलं नाही, ते आता इथे लिहिते. थोडं लांबेल.

## आईची का बाबांची?

हॅरिस यांची आई श्यामला गोपालन तमिळनाडूची, वडील डोनाल्ड हॅरिस जमैकाचे. जन्म १९६४ चा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. त्यामुळे ‘भारतीय की काळी’ हा प्रश्न म्हणजे लहान मुलांना छळायला विचारतात तसा, ‘तू आईची का बाबांची?’ मूल गोंधळतं, आपण हसतो. उत्तर सगळ्यांना माहीत असतं.

अमेरिकेत मात्र या प्रश्नाचं उत्तर मुलाला द्यावंच लागत नसे, ते कायदा देत असे. गुलामगिरीच्या काळात गुलाम बाईचं मूल गुलामच, मग बाप गोरा मळामालक का असेना. गुलामगिरी गेल्यावर अनेक राज्यांनी ‘एका थेंबाचा नियम’ लावला: पूर्वजांत एक जरी काळा निघाला तरी तुम्ही काळे. व्हर्जिनियाने १९२४ मध्ये हे कायद्यात बसवलं. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने उठवली १९६७ मध्ये. हॅरिस तेव्हा तीन वर्षांच्याही नव्हत्या. आणि जनगणनेच्या फॉर्मवर एकापेक्षा जास्त वंशांवर खूण करायची सोय झाली ती थेट २००० साली.

अशा देशात जमैकन बापाच्या मुलीने ‘काळी व्हायचं’ ठरवावं लागत नाही. रस्ता, शाळा, पोलिस, सगळे मिळून ते आधीच ठरवतात. हॅरिस शिकल्या त्या हॉवर्ड विद्यापीठात. यादवी युद्धानंतर, १८६७ मध्ये, जी विद्यापीठं कृष्णवर्णीयांसाठी उभी राहिली त्यांतलं हे एक नामवंत. तिथून त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या १९८६ मध्ये. म्हणजे ‘एकदम’ला ३८ वर्षं झाली होती.

जाता जाता शब्दाबद्दल. आपल्याकडची वर्तमानपत्रं ‘कृष्णवर्णीय’ लिहितात, मीही तेच लिहिते आहे, कारण मराठीत ‘काळी’ म्हटलं की मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमातला आवाज ऐकू येतो. पण तिकडे हा शब्द कातडीच्या छटेपेक्षा एका समाजाचं नाव म्हणून चालतो. म्हणून असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जून २०२० मध्ये ‘ब्लॅक’चं पहिलं अक्षर कॅपिटल करायचं ठरवलं. देवनागरीत कॅपिटल अक्षरच नाही, त्यामुळे हा सगळा वाद भाषांतरात गळून पडतो.

## सोऱ्या आणि चकती

दिवाळीत चकल्या पाडताना सोऱ्यात भाजणी घाला नाहीतर तांदळाचं पीठ, चांदणीची चकती लावली की चांदणीच बाहेर येते. पिठाचा इलाज नसतो. माध्यमांतल्या ‘स्टीरिओटाइप’ या शब्दाचा अर्थ एवढाच: आधीच बसवून ठेवलेली चकती. आपण त्याला साचा म्हणू.

कृष्णवर्णीय स्त्रियांसाठीचे साचे जुने आहेत. पहिला ‘मॅमी’चा: धिप्पाड, हसतमुख, डोक्याला फडकं बांधलेली दाई, जिला मालकाची मुलं स्वतःच्या मुलांपेक्षा प्यारी. तिचं चित्र ‘आंट जेमायमा’ नावाच्या पॅनकेकच्या पिठावर १८८९ पासून होतं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात या कंपनीने नॅन्सी ग्रीन नावाच्या, गुलामगिरीत जन्मलेल्या बाईला जेमायमा म्हणून उभं केलं. ती पॅनकेक भाजायची आणि जुन्या मळ्यावरच्या गोड आठवणी सांगायची. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंदांचं भाषण गाजलं, ते आपल्याला पाठ आहे. पॅनकेकचा ठेला आपल्या इतिहासात आला नाही. हे नाव आणि चित्र काढून टाकायची घोषणा कंपनीने केली २०२० मध्ये.

दुसरा साचा ‘सफायर’चा. ‘एमॉस अँड अँडी’ नावाची विनोदी मालिका १९२८ पासून रेडिओवर तुफान चालली. त्यातल्या काळ्या नायकांचे आवाज दोन गोरे कलाकार काढायचे. त्यात एकाची बायको सफायर: कजाग, सतत करवादणारी, नवऱ्याला फाडून खाणारी. मालिका केव्हाच बंद पडली, पण ‘चिडकी काळी बाई’ तिथून जी बाहेर पडली ती अजून घरी गेलेली नाही. तिसरा साचा उठवळ बाईचा. त्याचा उगम मळामालकांच्या सोयीत आहे, कारण बाईच तशी म्हटलं की बलात्काराचा प्रश्न मिटतो.

आता निवडणुकीत या चकत्यांचं काय काम? मतदाराला वेळ नसतो, वाहिनीला त्याहून नसतो. नवा उमेदवार समजावून सांगायला अर्धा तास लागतो, साचा लावायला दोन सेकंद. २००८ मध्ये, नवरा बराक अध्यक्षपदाच्या शर्यतीत असताना, मिशेल ओबामा एका सभेत म्हणाल्या की जाणती झाल्यापासून पहिल्यांदाच मला माझ्या देशाचा खरा अभिमान वाटतोय. कुणी म्हणेल, जरा जास्तच बोलल्या. पण त्या एका वाक्यावर ‘रागावलेली, देशाचा द्वेष करणारी बाई’ अशी पूर्ण मूर्ती घडवली गेली. जूनमध्ये नवरा-बायकोने मंचावर मुठीला मूठ लावली, तर फॉक्स न्यूजच्या एका निवेदिकेने हा ‘दहशतवाद्यांचा इशारा’ तर नाही ना, असा प्रश्न टाकला. जुलैत ‘न्यूयॉर्कर’च्या मुखपृष्ठावर मिशेल आल्या त्या मोठ्ठे कुरळे केस, खांद्याला बंदूक अशा. आम्ही या अफवांचीच टर उडवतोय, असं मासिकाचं म्हणणं. असेलही. पण टर उडवायला साचा तोच वापरावा लागला, आणि टपरीवर लांबून मुखपृष्ठ पाहणाऱ्याला आतला हेतू दिसत नाही.

## लेकी बोले, सुने लागे

अमेरिकी राजकारणात ‘कुत्र्याची शिट्टी’ म्हणून एक प्रकार आहे: इतरांच्या कानाला ऐकू न येणारी, पण ज्याच्यासाठी वाजवली त्याला बरोबर कळणारी. आपल्याकडे त्याला सुंदर म्हण आहे. सासू लेकीला म्हणते, ‘काय गं, पाय घासत चालतेस.’ सुनेला समजतं. सून काही बोलली तर सासू हात वर करते: ‘तुला कुठे म्हटलं मी?’

वंशाचं राजकारण १९६० च्या दशकानंतर असंच चालू लागलं, कारण उघड वर्णद्वेष बोलणं लाजिरवाणं झालं होतं. सगळ्यात गाजलेलं उदाहरण रोनाल्ड रेगन यांचं. १९७६ च्या प्रचारात ते सभांमधून शिकागोतल्या एका बाईची गोष्ट सांगत: तिला ८० नावं, ३० पत्ते, सरकारी मदतीवर ती चैन करते. बाई लबाड होती यात शंका नाही. तिच्यावर खटला चालून शिक्षाही झाली. पण न्यायालयात आलेली रक्कम होती सुमारे ८ हजार डॉलर, सभेतल्या गोष्टीपेक्षा फारच किरकोळ. रेगन तिच्या वंशाबद्दल एक शब्द बोलत नसत. गरजच नव्हती. ‘शिकागो’ आणि ‘सरकारी मदत’ एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपोआप कोण उभं राहायचं, हे सांगणाऱ्यालाही माहीत होतं. ‘वेल्फेअर क्वीन’, म्हणजे फुकट खाऊन राणीसारखी राहणारी, हा नवा साचा तयार झाला आणि पुढची वीस वर्षं गरिबांच्या योजनांवरची प्रत्येक चर्चा त्यातून पाडली गेली.

ते चित्र डोळ्यांपुढे आणण्यात माध्यमांचा हात किती, हे राज्यशास्त्रज्ञ मार्टिन गिलेन्स यांनी मोजलं. १९८८ ते १९९२ या काळातल्या तीन मोठ्या अमेरिकी साप्ताहिकांत गरिबीवरच्या बातम्यांसोबत जे फोटो छापले त्यांतले ६२ टक्के गरीब कृष्णवर्णीय होते. प्रत्यक्षात देशातल्या गरिबांत त्यांचं प्रमाण होतं २९ टक्के. कुणी खोटी बातमी छापली नव्हती. प्रत्येक फोटो खरा होता. फोटो निवडणाऱ्याचा हात मात्र दर वेळी त्याच खणात जात होता.

## पण टीका तर सगळ्यांवरच होते!

हिलरी क्लिंटन यांना काय कमी बोलले? बराक ओबामांना तर अमेरिकेतच जन्मल्याचा दाखला दाखवावा लागला. मग कृष्णवर्णीय स्त्रियांचं वेगळं गाऱ्हाणं कशाला?

याचं उत्तर एका मोटार कारखान्यात सापडतं. सेंट लुईसच्या जनरल मोटर्समधल्या पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी १९७० च्या दशकात कंपनीवर दावा लावला. १९६४ पूर्वी कंपनीने तिथे एकही कृष्णवर्णीय स्त्री घेतलेली नव्हती. मंदी आली तेव्हा ‘शेवटी आलेला आधी जाईल’ या नियमाने १९७० नंतर घेतलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रिया बाहेर गेल्या. न्यायालयाने विचारलं, कंपनी बायकांना घेते का? घेते, ऑफिसात गोऱ्या बायका होत्या. कृष्णवर्णीयांना घेते? घेते, कारखान्यात काळे पुरुष होते. मग भेदभाव कुठे आहे? दावा फेटाळला.

तहसील कचेरीत असं होतं बघा. एक नंबरची खिडकी म्हणते, ‘हे दोन नंबरला.’ दोन नंबर म्हणते, ‘हे आमच्याकडे नाही, एक नंबरला.’ दोघंही आपल्या नियमाने बरोबर असतात आणि बाई उन्हात हेलपाटे घालते. कायद्याच्या प्राध्यापक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये याच खटल्यावर बोट ठेवून ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हा शब्द आणला. बोजड शब्द आहे, अर्थ सोपा: दोन रस्ते मिळतात त्या चौकात उभ्या असलेल्या माणसाला दोन्हीकडून येणारी वाहनं लागतात, आणि अपघाताची नोंद कुठल्या रस्त्यावर करायची यावर वाद चालतो.

आकड्यांतही हा चौक दिसतो. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१८ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ७७८ स्त्री राजकारणी आणि पत्रकारांना आलेल्या ट्विट्सचा अभ्यास जाहीर केला. शिवीगाळीच्या किंवा आक्षेपार्ह ट्विटमध्ये नाव येण्याची शक्यता कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत गोऱ्या स्त्रियांपेक्षा ८४ टक्क्यांनी जास्त निघाली. हिलरींना जे सोसावं लागलं ते खोटं ठरत नाही. या दुसऱ्या खिडकीवर मात्र रांग आणखी मोठी आहे.

## चुका केल्या तरी बोलायचं नाही का?

जरूर बोलायचं. उदाहरणच घेऊ. डायन अ‍ॅबट, १९८७ मध्ये निवडून आलेल्या ब्रिटनच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री खासदार. २०१७ च्या प्रचारात एका रेडिओ मुलाखतीत त्यांना विचारलं, तुम्ही दहा हजार पोलिस भरणार म्हणता, खर्च किती? त्या अडखळल्या, एकामागून एक चुकीचे आकडे सांगत गेल्या. ऐकवत नाही अशी मुलाखत आहे. गृहखातं सांभाळू पाहणाऱ्या नेत्याला याचा जाब विचारलाच पाहिजे. (मधुमेह आटोक्याबाहेर गेला होता, हे त्यांनी नंतर सांगितलं.)

त्याच महिन्यात अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी रेडिओवरच एका रेल्वे प्रकल्पाचा खर्च चुकीचा सांगितला, २० अब्ज पौंडांनी कमी. दोन दिवस हसं झालं आणि संपलं. अ‍ॅबट यांची चूक मात्र त्यांच्या अकलेचा दाखला ठरली आणि आजही काढली जाते. त्या निवडणुकीआधीच्या सहा आठवड्यांत स्त्री खासदारांना जेवढी शिवीगाळीची ट्विट्स आली त्यांतली ४५ टक्के एकट्या अ‍ॅबट यांना होती. टीका आणि साचा यांतला फरक ओळखायची माझी एक घरगुती पद्धत आहे: नाव झाकायचं आणि वाक्य पुन्हा वाचायचं. ‘आकडे माहीत नव्हते’ हे कुणालाही लागू पडतं. ‘हिची लायकीच नाही, कोट्यातून आलीय’ हे नाव झाकलं तरी कुणाबद्दल आहे ते कळतं. २०२४ मध्ये हॅरिस यांचं नाव पुढे येताच एका रिपब्लिकन खासदाराने त्यांना ‘डीईआय’वाली, म्हणजे आपल्या भाषेत कोट्यातली, म्हटलं. त्या तोवर जिल्ह्याच्या सरकारी वकील, राज्याच्या महाधिवक्ता, सिनेटर आणि देशाच्या उपाध्यक्ष झाल्या होत्या, चारही वेळा निवडून येऊन.

अ‍ॅबट यांचा आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्च २०२४ मध्ये बातमी आली की तेव्हा सत्तेत असलेल्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाला सर्वात मोठी देणगी देणारे उद्योजक काही वर्षांपूर्वी एका बैठकीत म्हणाले होते, डायन अ‍ॅबट टीव्हीवर दिसली की सगळ्या काळ्या बायकांचा तिरस्कार करावासा वाटतो, तिला गोळीच घातली पाहिजे. (बोलणं उद्धट होतं, पण त्याचा तिच्या रंगाशी किंवा बाई असण्याशी संबंध नव्हता, अशी माफी त्यांनी नंतर मागितली. वाक्य पुन्हा वाचा.) १३ मार्चला संसदेत पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांचा तास होता. विषय हाच. पंतप्रधान बोलले, विरोधी पक्षनेते बोलले. ब्रिटनमध्ये बोलायची परवानगी हवी असेल तर जागेवर उभं राहायचं, अध्यक्ष नाव पुकारतात. अ‍ॅबट उभ्या राहिल्या. बसल्या. पुन्हा उभ्या राहिल्या. बीबीसीने मोजलं: ४६ वेळा. त्यांचं नाव पुकारलं गेलं नाही; वेळ संपली, असं अध्यक्षांच्या कार्यालयाने सांगितलं. सगळं सभागृह जिच्याबद्दल बोलत होतं तिला तेवढं बोलता आलं नाही.

याला आपण तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतो. आणि त्या मोठ्याने ओरडल्या असत्या तर? सफायर!

म्हणूनच २०२० च्या उपाध्यक्षपदाच्या वादचर्चेत तेव्हाचे उपाध्यक्ष माइक पेन्स मध्येमध्ये बोलू लागले तेव्हा हॅरिस ‘मी बोलतेय’ हे वाक्य हसत हसत म्हणाल्या. ते हसू बघा कधी. आवाज चढू न देता जागा न सोडण्याची ती कसरत आहे. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांनी त्यांना ‘राक्षस’ म्हटलंच.

## दाखवायचंच नाही

साच्यातून पाडण्याइतकाच जुना दुसरा उपाय म्हणजे कॅमेरा वळवणं.

२२ ऑगस्ट १९६४, न्यू जर्सीतलं अटलांटिक सिटी, डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. मिसिसिपीचं अधिकृत शिष्टमंडळ सगळं गोऱ्यांचं. तिथे कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नोंदणीच करू देत नसत. त्याला आव्हान द्यायला फॅनी लू हॅमर आल्या होत्या, ४६ वर्षांच्या, कापसाच्या मळ्यात वाट्याने राबलेल्या. पक्षाच्या समितीपुढे बसून त्या सांगू लागल्या: नोंदणीला गेले म्हणून मळामालकाने मला बाहेर काढलं, पुढच्या वर्षी विनोना गावच्या कोठडीत बेदम मारलं. थेट प्रक्षेपण चालू होतं. दक्षिणेतली गोरी मतं सांभाळू पाहणाऱ्या अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना हे परवडणारं नव्हतं. त्यांनी घाईने पत्रकार बोलावले, वाहिन्यांनी हॅमरना तोडून व्हाइट हाउस दाखवलं, आणि जॉन्सन काय बोलले? केनेडींच्या हत्येला आज नऊ महिने झाले. बस. मात्र संध्याकाळी वाहिन्यांनी हॅमर यांची साक्ष पुन्हा दाखवली, तीही सगळा देश टीव्हीपुढे बसलेला असताना. डाव उलटला. म्हणजे माध्यमं नेहमी खलनायकच असतात असं नाही.

आठ वर्षांनी शर्ली चिझम राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरल्या. अमेरिकी संसदेत निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. टीव्हीवरच्या वादचर्चांतून त्यांना वगळलं होतं, वेळ मिळवायला कायद्याची लढाई करावी लागली. काळ्या पुरुष नेत्यांनीही त्यांना फारसं धरलं नाही. काळी असण्यापेक्षा बाई असण्याचा अडथळा मोठा ठरला, असं त्या पुढे सांगत.

आणि माध्यमांनी स्वतःचाच विनोद करून घ्यावा तशी ही २०२० ची गोष्ट. बीबीसीने खासदार मार्शा डी कोर्डोव्हा बोलत असताना खाली नाव टाकलं दुसऱ्या कृष्णवर्णीय खासदार डॉन बटलर यांचं. लंडनच्या एका दैनिकाने या घोळाची बातमी केली आणि सोबत फोटो छापला तिसऱ्याच कृष्णवर्णीय खासदार बेल रिबेरो-अ‍ॅडी यांचा.

## ओबामा दोनदा जिंकले, मग?

जिंकले, आणि ती लहान गोष्ट नाही. पण ओबामा चौकाच्या एकाच रस्त्यावर उभे होते. रागाचा साचा त्यांनाही होता, म्हणून ते आठ वर्षं जवळपास न चिडता वावरले. घरातला राग जणू मिशेलच्या वाट्याला टाकला गेला. स्त्रियांचा हिशेब बघा. अमेरिकेचं सिनेट १७८९ पासून आहे. त्यात पहिली कृष्णवर्णीय स्त्री, कॅरल मोझली ब्राउन, निवडून आल्या १९९२ मध्ये, आणि दुसऱ्या हॅरिस, २०१६ मध्ये. दोन कृष्णवर्णीय स्त्रिया एकाच वेळी सिनेटमध्ये बसल्या जानेवारी २०२५ मध्ये. ५० राज्यांपैकी एकातही २०२५ संपेपर्यंत कृष्णवर्णीय स्त्री गव्हर्नर म्हणून निवडून आलेली नव्हती. जॉर्जियात स्टेसी एब्रम्स २०१८ मध्ये सुमारे ५५ हजार मतांनी राहिल्या. २०२५ मध्ये व्हर्जिनियात विन्सम अर्ल-सीअर्स हरल्या, त्या उजव्या रिपब्लिकन पक्षाच्या; एब्रम्स डेमोक्रॅट. हा डाव्या-उजव्यांचा सरळ हिशेब नाही.

## आल्याची गोळी

साचा फक्त नेत्यांना छळतो असं वाटत असेल तर जॉर्जियातल्या एका मायलेकींचं ऐका. नोव्हेंबर २०२० मध्ये अटलांटात दोघी मतमोजणीच्या कामावर होत्या. आपल्याकडे शिक्षक, तलाठी निवडणूक ड्युटीला जातात, तशाच सामान्य. त्यांची सीसीटीव्हीतली फीत कापून पसरवली गेली. ट्रम्प यांचे वकील, न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी यांनी जॉर्जियाच्या आमदारांपुढे सांगितलं, या दोघी हेरॉईन किंवा कोकेनच्या कुप्या सरकवाव्यात तशा यूएसबी एकमेकींना देताहेत.

उपमा नीट पाहा. मतांची चोरी म्हणायची होती तर चोरीचीच उपमा पुरली असती. ड्रग्ज कुठून आले? त्या दोघींचे चेहरे कुठल्या साच्यात बसतात हे बोलणाऱ्याला ठाऊक होतं, ऐकणाऱ्यालाही.

लेकीने जून २०२२ मध्ये संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. आईने तुमच्या हातात काय दिलं होतं? आल्याच्या चवीची पेपरमिंटची गोळी. तोवर धमक्यांमुळे आईला घर सोडून सुमारे दोन महिने बाहेर राहावं लागलं होतं, आजीच्या दारात अनोळखी माणसं येऊन धडकली होती. आईकडे स्वतःच्या नावाचा टी-शर्ट होता, मोठ्या हौसेने मिरवायची. निवडणुकीच्या दिवशीही तोच अंगात होता. त्यानंतर तो घातला नाही आणि पुन्हा कधी घालणार नाही, असं तिने सांगितलं. डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरींनी जुलियानींना १४ कोटी ८० लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितलं.

## कौतुकाचाही साचा असतो

डिसेंबर २०१७ मध्ये अलाबामातून डेमोक्रॅट डग जोन्स सिनेटवर निसटते निवडून आले. मतदानोत्तर चाचणीत ९८ टक्के कृष्णवर्णीय स्त्रियांनी त्यांना मत दिलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच सूर: काळ्या बायकांनी देश वाचवला, त्यांचे आभार! तेव्हापासून दर निवडणुकीत हे आभारप्रदर्शन होतं.

मला त्यात पॅनकेकच्या पिठावरची जेमायमा दिसते. ती स्वतःसाठी काही मागत नाही, दुसऱ्यांची घरं सावरते. या स्त्रियांनी मत दिलं ते शाळा, दवाखाना, पगार, मुलाला पोलिसांनी अडवलं तर तो घरी परत येईल का, या हिशेबाने. घरात सगळी कामं मोठ्या सुनेवर टाकून ‘आमची अन्नपूर्णा’ म्हणत राहायचं आणि निर्णयाच्या वेळी तिला स्वयंपाकघरात पाठवायचं, ही रीत आपल्याला शिकवायला नको.

## म्हणजे हॅरिस यामुळेच हरल्या?

असं मी म्हणणार नाही, आणि कुणी ठामपणे म्हटलं तर जरा सावध राहा. महागाईने लोक वैतागले होते. बायडेन यांनी २१ जुलैपर्यंत माघार घेतली नाही, त्यामुळे प्रचाराला मिळाले १०७ दिवस. त्याच सरकारच्या उपाध्यक्ष असल्याने ‘बदल’ विकणं अवघड होतं. २०१९ मधली अध्यक्षपदासाठीची त्यांची स्वतःची मोहीम तर पहिल्या मतदानाआधीच आटोपली होती. मतांतलं अंतर दीड टक्क्याच्या आसपास. एवढ्या अंतरात कुठलंही एक कारण पुरेसं वाटू शकतं. मतदानोत्तर चाचण्यांत दहापैकी नऊ कृष्णवर्णीय स्त्रिया त्यांच्या बाजूने दिसल्या, निम्म्याहून जास्त गोऱ्या स्त्रिया ट्रम्प यांच्या. साच्यामुळे मतं किती फिरली हे त्यातून निघत नाही. त्या १०७ दिवसांपैकी किती दिवस ‘ही नक्की कोण आहे’ यातच गेले, ते मात्र आपल्या ग्रुपवरसुद्धा दिसत होतं.

## आणि आपण?

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण करून. पुण्यात बसून तिकडचा संघर्ष त्यांना स्वच्छ दिसत होता.

दीडशे वर्षांनी आपलं बघणं असं झालंय. २०२२ मध्ये बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून अमेरिकी संसदेवर निवडून आले. इथे मराठी माणसाचा झेंडा म्हणून बातम्या झाल्या, आणि त्यात खोटं काही नाही. त्यांनी निवडणूक रीतसर जिंकली. तिकडे बातमी वेगळी होती: शहराच्या कृष्णवर्णीय खासदार ब्रेंडा लॉरेन्स निवृत्त झाल्या, आणि बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या या शहराचा संसदेत जवळपास ७० वर्षांत पहिल्यांदाच एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. एकच निकाल. त्यातली अर्धी बातमी आपल्यापर्यंत पोचली.

हॅरिस यांच्या बाबतीतही तेच. ‘भारतीय वंशाच्या कमला हॅरिस’ हे आपण २०२० पासून इतक्या वेळा छापलं की आत्याला त्यांचे वडील कुठले हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं. ट्रम्प यांनी एका बाजूने कापलं, आपण दुसऱ्या. निवडणुकीच्या दिवशी तमिळनाडूतल्या तुळसेंद्रपुरम गावी, हॅरिस यांच्या आजोबांच्या मूळ गावी, देवळात पूजा झाली. तिथल्या देणगीदारांच्या दगडावर त्यांचं नाव कोरलेलं आहे, ते आपण टीव्हीवर जवळून पाहिलं. वडिलांचं गाव ब्राउन्स टाउन, जमैकाच्या सेंट अ‍ॅन परगण्यात. हे नाव मी हा लेख लिहायला बसेपर्यंत ऐकलेलंसुद्धा नव्हतं. नकाशावर शोधलं, आत्याला पाठवलं. तिने विचारलं, ‘इथे कुठलं देऊळ आहे?’